कृष्णाबाईंचा प्लास्टरचा जबडा

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. मित्रांनो, हसू नका. माझे दोन तुकडे आहेत, एक वरचा आणि एक खालचा, आणि ते एकमेकांपासून हरवू नयेत म्हणून रबरबँडनं बांधलेले असतात. माझ्यात तीस दात आहेत. ते कधी किडले नाहीत, दुखले नाहीत, त्यांनी कधी भाकरीचा तुकडासुद्धा चावला नाही. तरी माझ्या दातांची हकिकत सांगण्यासारखी आहे, आणि ती सांगताना मी मुळीच गोड बोलणार नाही. जुन्या छत्र्या, शाळेतले जुने फळे, जुन्या एसटी गाड्या आपापली गोष्ट सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात म्हणे. त्यांचं मन मोठं असेल. माझं नाही. मी रागावलेला आहे, आणि का रागावलेला आहे ते तुम्हाला कळलंच पाहिजे.

माझा जन्म १९८५ च्या जुलै महिन्यात अंधेरीला झाला. स्टेशनच्या पश्चिमेला एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही. ते पाटीवर भल्या मोठ्या अक्षरांत होतं, तेवढं पुरे. दवाखान्याच्या मागे एक लहानशी खोली होती. तिथे जयवंत नावाचा कोकणातला तरुण बसायचा. कवळ्या करणं, प्लास्टर कालवणं, दातांच्या कॅप घडवणं हे त्याचं काम. असं काम करणाऱ्याला दवाखान्यात मेकॅनिक म्हणतात. जयवंतचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी पोराला सांगितलं होतं, हातात असा धंदा ठेव की ज्याला भोंगा लागत नाही.

ज्या तोंडावरून मी घडलो ते तोंड कृष्णाबाईंचं. कृष्णाबाई वेसाव्याच्या कोळीण. रोज सकाळी मासळीची पाटी घेऊन त्या अंधेरीच्या बाजारात बसायच्या. त्यांचा आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कांदे घेणाऱ्या माणसालासुद्धा आज पापलेट चांगलं आलंय हे समजायचं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की कृष्णाबाई त्याला असं काही सुनावायच्या, की ते हसत हसत सांगितलेल्या भावानं मासळी घेऊन जायचं. त्यांचा सगळा धंदा त्या तोंडावर उभा होता.

आणि तेच तोंड बिघडलं. उघडताना हनुवटी डावीकडे सरकायची आणि कानाजवळ कट् असा आवाज व्हायचा. शेजारी बसलेल्या जावेला, पुतळाबाईंना, तो ऐकू जायचा. आधी सगळ्यांना वाटलं कानाचं दुखणं असेल. मग कानात थेंब घातले. गरम तेल झालं, शेक झाला, एका बाईनं दृष्ट काढून मिरच्या जाळल्या आणि घरभर ठसका लागला. कट् काही गेला नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, दात बघून घ्या. म्हणून कृष्णाबाई जिना चढून दवाखान्यात आल्या.

"डाक्टर, तोंड उघरलं का कानाजवल कट् वाजतं," त्या म्हणाल्या. "भाकर चावली का दुखतं. पावसाल्यान तं लय दुखतं."

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पावसाळ्यातच का जास्त दुखतं, असा प्रश्न कुणाच्याही मनात आला असता. तो प्रश्न मात्र डॉक्टरांना पडला नाही. मी काही त्यांना राक्षस म्हणत नाही. त्यांचा हात हलका होता. किडलेली दाढ ते अशी काढायचे की माणूस "झालं?" म्हणून विचारायचा. त्यांच्याकडे मालाडहून, जोगेश्वरीहून माणसं यायची. पण त्यांना दात दिसायचे, माणूस दिसायचा नाही.

त्यांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरला आणि कृष्णाबाईंच्या तोंडात दाबून धरला. तो घट्ट झाल्यावर काढला आणि जयवंतकडे दिला. जयवंतनं त्यात पांढरं प्लास्टर ओतलं, बुडबुडे राहू नयेत म्हणून टेबलावर हलके हलके आपटलं, आणि तासाभरानं मी बाहेर आलो. माझ्या बुडाला त्यानं पेन्सिलीनं कृष्णाबाईंचं नाव आणि तारीख लिहिली. मग त्यानं मला खिडकीच्या उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

त्या उजेडात त्याला एक गोष्ट दिसली. डाव्या बाजूला वरच्या सुळ्याच्या मागे जो दात आहे, त्याच्या कडेला बारीक खाच होती. तिच्या बरोबर खाली, खालच्या दातालाही तशीच. सारखं एकच काहीतरी तिथून ओढलं जात असावं अशी ती गुळगुळीत झाली होती.

"सर, जरा बघता काय?" तो मला घेऊन दारात गेला. "इथं खाच आहे. रोज काहीतरी तोडल्यासारखी. बाईंना विचारू काय, कशामुळे ते?"

"खाच असू दे रे. मला चावा बघायचाय," डॉक्टर म्हणाले. "तू प्लास्टर कालव."

जयवंत मागे आला. त्यानं मला रबरबँड लावला आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिथे माझ्यासारखे चाळीस-पन्नास जबडे धूळ खात पडले होते. जबडा करायचा तो समोर ठेवून विचार करण्यासाठी. आमच्याकडे त्यानंतर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यापुढचं सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलं. डॉक्टर कृष्णाबाईंना निळा कागद चावायला सांगायचे. ज्या दाढेवर निळा डाग उमटेल ती दाढ उंच, म्हणून तिथे घासायचं. मशीन चालू व्हायचं. पंधरा दिवसांनी कृष्णाबाई पुन्हा यायच्या, कारण दुखणं तसंच असायचं. पुन्हा निळा कागद. आता डाग दुसऱ्या दाढेवर उमटायचा. मग ती घासायची. मित्रांनो, बिघाड दाढेत नव्हताच. कानाजवळचा सांधा आणि गालाचे स्नायू दुखावले होते, त्यामुळे जबडा आज असा तर उद्या तसा बसत होता. डाग हलत होता आणि डॉक्टर त्याच्यामागे मशीन घेऊन धावत होते. घासलेला दात परत वाढत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं म्हणता? चांगलं ठाऊक होतं!

अशा आठ खेपा झाल्या. डिसेंबरात त्यांनी खालची उजवी अक्कलदाढही काढली. "हिचीच अडचण असेल," असं म्हणाले. त्या 'असेल'वर एक चांगली दाढ कचऱ्याच्या डब्यात गेली. फळीवर पडल्या पडल्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. दात आहेत तेवढे, आणि तेही कराकरा खाता येत नाहीत.

कृष्णाबाईंची काय दशा झाली ते त्या जयवंतला सांगायच्या, त्याच्या खोलीच्या दारात बसून, नंबर लागेपर्यंत. आता दाढा एकावर एक बसतच नव्हत्या. भाकरी सुटली, सुका बोंबील सुटला, दोन वेळा पेज. बाजारात त्या नुसत्या बसायच्या आणि हाळी पुतळाबाई द्यायच्या. पुतळाबाईंचा आवाज बारीक, त्यामुळे गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जायचं. नवरा तुळशीदास आधी थट्टा करायचा, "आता घरान शांतता हाय बगा." मग एके दिवशी पेजेचं ताट पुढ्यात घेऊन बायको रडताना त्यानं पाहिली. त्या दिवसापासून त्याची थट्टा बंद झाली.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी शेवटचा उपाय काढला. सगळ्या दाढा चारी बाजूंनी कोरून बारीक करायच्या आणि त्यांच्यावर कॅप बसवायच्या. त्यासाठी पुन्हा माप घेतलं. पुन्हा गुलाबी लगदा, पुन्हा प्लास्टर. म्हणजे मला एक धाकटा भाऊ झाला. जयवंतनं त्याच्या बुडावर नाव लिहिलं आणि थांबला. स्टूल घेऊन कपाटापाशी आला, धूळ झटकत झटकत मला शोधून काढलं आणि टेबलावर भावाच्या शेजारी ठेवलं.

माझ्या दाढांवर डोंगर-दऱ्या आहेत, जशा तुमच्या दाढांवर आहेत. भावाच्या दाढा स्वयंपाकाच्या ओट्यासारख्या सपाट होत्या. एक तर होतीच कुठे. सात महिन्यांपूर्वीचं तोंड आणि आताचं तोंड, दोन्ही एका टेबलावर. जयवंतचे कान लाल झाले. मग आम्हा दोघांना हातात घेऊन तो पुढच्या खोलीत गेला.

"सर, हे बघा. आधी असं होतं. आता असं झालंय. आता आणखी कोरायचं नको. त्यांना टाऊनच्या सरकारी दातांच्या हॉस्पिटलात तरी पाठवूया."

"जयवंत, तू डॉक्टर कधीपासून झालास?" डॉक्टर वर न बघता म्हणाले. "सोमवारी बाई येतायत. मेकॅनिक आहेस, मेकॅनिकसारखा राहा."

सोमवारी. आज गुरुवार होता. सोमवारी त्या दाढांचे खुंट होणार होते, आणि मग कुठल्याही डॉक्टरला काही करता आलं नसतं. जेवायच्या सुट्टीत जयवंतनं आम्हा दोघांना वर्तमानपत्रात गुंडाळलं, कापडी पिशवीत ठेवलं आणि कुणाला न विचारता जिना उतरला. यालाच पुढे चोरी म्हणायचं ठरलं.

बाजारात कृष्णाबाई पाटीवर पाणी शिंपडत बसल्या होत्या. जयवंत त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "ताई, सोमवारी येऊ नका."

मग त्यानं आम्हाला कागदातून काढून दाखवलं. कृष्णाबाईंनी ओल्या हातांनी आधी मला घेतलं, मग भावाला. सपाट दाढांवरून अंगठा फिरवला. त्यांना दोनदा समजवावं लागलं नाही. मला वाटलं आता त्या जयवंतचे आभार मानतील. पण कृष्णाबाई भडकल्या, आणि बरोबर भडकल्या.

"आठ खेपा आली मी," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला जबडा वाजत होता. "आठी खेपा तू भितीच्या पलीकरं व्हतास. तवा तुजी जीभ कुटं व्हती?"

जयवंतनं मान खाली घातली. "चुकलं, ताई. नोकरी जाईल म्हणून भ्यालो."

"तुला नोकरीची भीती. नि माज्या तोंडाचा काय?"

हा सवाल मलाही लागू होता, मी तर त्याच भिंतीमागे फळीवर बसून होतो. पुतळाबाई मध्ये पडल्या. "गो, भांडन मागनं कर. आता काय करायचा ते इचार." दुसऱ्या दिवशी जयवंतनं सुट्टी टाकली आणि कृष्णाबाईंना घेऊन टाऊनमधल्या, म्हणजे दक्षिण मुंबईतल्या, सरकारी दातांच्या हॉस्पिटलात गेला. पिशवीत आम्ही दोघं भाऊ.

तिथे लाकडी बाकावर चार तास गेले. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. त्यांचं नाव सुहासिनी. त्यांनी कृष्णाबाईंना आधी आ करायलाच सांगितलं नाही. समोर बसवलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडानं काय काय करता? खाणं-बोलणं सोडून. सगळं सांगा."

कृष्णाबाईंना प्रश्नच समजेना. सात महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हाळी देते. पान? नाही. मिश्री? लावत नाही. "मग दुखणं कधी जास्त असतं?" "पावसाल्यान." "पावसाळ्यात काय वेगळं करता?"

"पावसाल्यान मासेमारी बंद, होऱ्या किनाऱ्यावर वर ओढलेल्या असतान," कृष्णाबाई म्हणाल्या. "मंग दिसभर जाली सांदायची. माजा दीर नोकरीला लागला, तवापासना त्याचा काम मीच करते."

"दोरा कशानं तोडता?"

"दातान."

हे त्यांनी असं सांगितलं जसं तुम्ही सांगाल की पाणी तोंडानं पितो. सुहासिनीबाईंनी कात्री का नाही, असं विचारलं, तेव्हा कुठे सगळी गोष्ट बाहेर आली. कृष्णाबाईंच्या सासूबाई सोनूबाई यांचा घरात एक दंडक होता. जाळं घराचं पोट भरतं, त्याच्या अंगावर कात्री चालवायची नाही. दोरा तोडायचा तो दातानं. सोनूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा जाळी सुताची असायची. सूत दातात धरलं की टचकन तुटायचं, कुणाला काही व्हायचं नाही. मग नायलॉन आला. नायलॉन तसा तुटत नाही. तो डाव्या दातात धरायचा, जबडा आवळायचा आणि मानेला उजवीकडे हिसका द्यायचा. दिवसातून शंभर वेळा, दोनशे वेळा. दोरा बदलला, जाळं बदललं, आणि दंडक तसाच राहिला. घरातल्या एकाच्याही ते ध्यानात आलं नाही.

जयवंतच्या पिशवीचा बंद तुटला होता. येताना कृष्णाबाईंनीच तो जाळ्याच्या नायलॉननं बांधून दिला होता. सुहासिनीबाईंनी त्या दोऱ्याचं टोक उचललं आणि माझ्या डाव्या दाताच्या खाचेत ठेवलं. ते तिथे असं बसलं, जसं सुईत ओवलं.

जयवंतनं तोंड फिरवलं. ती खाच त्यानं पहिल्याच दिवशी पाहिली होती. एक प्रश्न विचारला असता तर आठ खेपा, ते मशीन, ती अक्कलदाढ, सगळं टळलं असतं. मित्रांनो, तुम्ही सांगा, मी कसा शांत राहू?

"आधी दोरा तोडणं बंद," सुहासिनीबाई म्हणाल्या. "मऊ खायचं, गालाला शेक द्यायचा, जांभई देताना हनुवटीला हात लावायचा. झोपताना दातांवर घालायला एक प्लॅस्टिकची पट्टी करून देते, म्हणजे सांध्यावरचा ताण कमी होईल. दोन-तीन महिने जबडा शांत होऊ दे. मगच दाढांना हात लावायचा."

"माज्या दाढा परत व्हतील?"

"घासल्या त्या परत येणार नाहीत, कृष्णाबाई. खोटं कशाला सांगू? पण त्या भरून तुमच्या जुन्या उंचीला आणता येतील. ती उंची इथं आहे." त्यांनी मला उचललं. "हे जुनं मॉडेल नसतं तर मला अंदाजानंच काम करावं लागलं असतं."

त्यांनी मला लोखंडाच्या एका चौकटीत बसवलं, जिला खऱ्या जबड्यासारखी बिजागरी होती. माझा खालचा तुकडा पहिल्यांदा उघडला, मिटला, बाजूला सरकला. सात महिने मी फळीवर दगड होऊन पडलो होतो. त्या दिवशी मी कामाला लागलो, आणि मापं टिपून झाल्यावर आम्ही दोघं भाऊ कृष्णाबाईंबरोबर घरी गेलो.

घरी मात्र कृष्णाबाईंना धास्ती होती सासूची. सोनूबाई म्हणजे साऱ्या घराला धाक. कृष्णाबाईंनी त्यांच्या पुढ्यात मला ठेवलं, खाच दाखवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सोनूबाईंनी मला डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. त्या म्हणाल्या, "गो, मी सांगितला तो सुताचा. सूत ऱ्हायला कुटं आता?" आणि मग आवाज चढवून, "येवरी वरसां नायलॉन दातान तुटत नाय, नि माना सांगायला काय झालता तुला?"

"तुमी ऐकला असता?"

सोनूबाई उठल्या, मासळी कापायच्या कोयतीशेजारची मोठी कात्री आणली आणि जाळ्याच्या ढिगावर टाकली. त्यांचा राग कोणावर होता कोण जाणे. बहुतेक स्वतःवर असावा.

इकडे सोमवारी कृष्णाबाई आल्या नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी कपाट उघडायला लावलं. जयवंतनं लपवलं नाही. दोन्ही मॉडेलं हॉस्पिटलात नेली होती, असं सांगून टाकलं. डॉक्टरांनी त्याला भर दवाखान्यात, पेशंटसमोर, चोर म्हटलं आणि त्या दिवसापासून काढून टाकलं. हे कृष्णाबाईंना कळलं ते दहा दिवसांनी, पुतळाबाईंच्या एका गिऱ्हाइकाकडून.

त्या दिवशी त्यांनी पाटी अर्धीच विकली. उरलेली मासळी पुतळाबाईंकडे दिली, घरी जाऊन आम्हाला घेतलं आणि थेट दवाखान्याचा जिना चढल्या. हाताला मासळीचा वास तसाच होता. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं बसली होती. एकानं गालाभोवती रुमाल बांधला होता. डॉक्टर कुणाला तरी बोलवायला दारात आले आणि समोर कृष्णाबाई.

"बाई, ते मॉडेल दवाखान्याची मालमत्ता आहे," त्यांनी पिशवीतून निघणाऱ्या मला ओळखलं. "दोन्ही इथं ठेवा. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल."

"ठेवते ना," कृष्णाबाई म्हणाल्या.

मासिकं ठेवायच्या टेबलावर त्यांनी आधी मला ठेवलं, शेजारी भावाला. रुमालवाला माणूस वाकून बघायला लागला. एक म्हातारी चष्मा काढून पुसू लागली.

"हा जुलैचा. हा आताचा," कृष्णाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "जयवंतनं दोन प्लास्टर चोरली म्हनता. बरा. आता सांगा, माज्या दाढा कुनी चोरल्या?"

"आवाज खाली करा. हे सगळं तुमच्या संमतीनं झालंय. तुम्ही स्वतः खुर्चीत बसत होता."

आणि तेव्हा, मित्रांनो, सात महिन्यांत पहिल्यांदा, कृष्णाबाईंनी आपला बाजारातला आवाज काढला. सुहासिनीबाईंनी मोठ्यानं बोलायला मनाई केली होती. जबडा सरकला, कानाजवळ कट् झालं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकानं ऐकलं. दुखलं असणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या थांबल्या नाहीत.

"मी तोंड उघरून बसली व्हती, डाक्टर! आठ खेपा! एकदा तरी इचारला असता, तं तेच तोंड बोलला असता!"

डॉक्टरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांच्या जबड्याला काहीही झालेलं नव्हतं, तरी त्यातून शब्द निघेना. रुमालवाला माणूस उठला. त्यानं रुमाल सोडून खिशात ठेवला, कृष्णाबाईंना हॉस्पिटलचा पत्ता विचारला आणि जिना उतरून गेला. कृष्णाबाईंनी शांतपणे भावाला तिथंच टेबलावर सोडलं. "ह्यो तुमचा. तुमी केलाय," म्हणाल्या. मला मात्र उचलून पदराखाली घेतलं, आणि आम्हाला अडवायची हिंमत कुणाला झाली नाही.

हे सारं होऊन आता चार वर्षं होतील. जयवंत मुलुंडला एका जुन्या मेकॅनिकच्या हाताखाली लागला, आणि तिथे प्रत्येक मॉडेलवर जे दिसेल ते लिहून डॉक्टरला दाखवतो. रागावणारे रागावतात. कृष्णाबाईंच्या दाढा भरून झाल्या. त्या भाकरी खातात, पण डाव्या बाजूनं सावकाश. बाजारात हाळी देतात, पण पूर्वीसारखी नाही, दुपारनंतर पुतळाबाईंवर सोपवावं लागतं. पावसाळी हवेत कट् अजून वाजतो. सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही, कारण झालेलं नाही. एक दाढ तर नाहीच. मी त्यांच्या घरात खिडकीवरच्या फळीवर असतो. खाऱ्या हवेनं माझं प्लास्टर सुटायला लागलं आहे, बुडावरचं नाव पुसट झालं आहे. वर्षाकाठी एकदा सोनूबाई मला फडक्यानं पुसतात आणि खाचेवरून पुन्हा एकदा फडकं फिरवतात.

मित्रांनो, तुमचे दात जपा, असं तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर जपा. पण मला दुसरंच मागायचं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल, कुणी मेकॅनिक, कुणी मास्तर, कुणी सासू. समोरच्याला दुरुस्त करायला हत्यार उचलण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुम्ही जयवंतसारखे भिंतीपलीकडे असाल, तुम्हाला खाच दिसली असेल, तर आठव्या खेपेची वाट बघू नका. मी सगळं ऐकत होतो आणि गप्प राहिलो. माझं तोंड प्लास्टरचं आहे. तुमचं नाही.